येरवड्यातली न सापडलेली सही

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरच्या माणसाला फौजदारी कोर्टाचं काम निघालं की त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. मारामारी, चोरी, लहानसहान खटला असेल तर घोडेगाव. खुनासारखा मोठा आरोप असेल तर वर्षानुवर्षं वाट गेली ती राजगुरुनगरकडे. मंचरला यायचं, नाशिक रस्त्यानं पेठ ओलांडून खेडचा घाट उतरायचा आणि भीमेकाठच्या त्या गावात, सत्र न्यायालयाच्या आवारात, आपल्या नावाचा पुकारा कधी होतो याकडे कान लावून बसायचं.

त्या गावाच्या नावाशी मी नेहमी थबकतो. हे पूर्वीचं खेड. शिवराम हरी राजगुरू यांचं जन्मगाव. ते ज्यात आरोपी होते त्या लाहोर कटाच्या खटल्यासाठी व्हाइसरॉय आयर्विननं १ मे १९३० रोजी वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचं खास न्यायाधिकरण नेमलं. आरोपी हजर नसले तरी खटला चालवण्याची मुभा त्या वटहुकमानं दिली आणि निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क काढून घेतला. आरोपींनी बहिष्कार टाकला. रिकाम्या पिंजऱ्यासमोर साक्षी होत गेल्या आणि बहुतेक साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायला कुणी नव्हतं. ७ ऑक्टोबर १९३० रोजी भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशीची शिक्षा झाली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १९३१च्या फेब्रुवारीत अर्ज फेटाळला आणि २३ मार्चला फाशी झाली.

म्हणजे आंबेगावातला माणूस ज्या गावात न्याय मागायला गेला, त्या गावाला नाव आहे ते अपिलाचा हक्कच नाकारल्या गेलेल्या माणसाचं. त्या आवारात बसलेल्या कुणाही गरीब आरोपीला आज तीन गोष्टी मिळतात: निकालाची फुकट नक्कल, वरच्या कोर्टात जाण्याचा हक्क, आणि पैसे नसतील तर सरकारी खर्चानं वकील. हे तिन्ही एका दिवसात आलेलं नाही. त्यातला मोठा टप्पा आपल्याच जिल्ह्यात, येरवड्याच्या तुरुंगात, एका हरवलेल्या कागदापासून सुरू झाला.

माधव हयवदनराव होसकोट हे सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याचा प्रयत्न केला, असा त्यांच्यावर आरोप होता. सत्र न्यायालयानं दोषी ठरवलं, पण शिक्षा दिली ती कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड. मुंबई उच्च न्यायालयानं ती तीन वर्षांवर नेली. हा निकाल १९७३च्या नोव्हेंबरमधला. होसकोट सर्वोच्च न्यायालयात पोचले ते चार वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर, शिक्षा भोगून झाल्यावर. एवढा उशीर का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की निकालाची नक्कल मला वेळेत मिळालीच नाही.

उच्च न्यायालयानं तर नक्कल येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवलेली होती. तुरुंगाचं म्हणणं असं, की ती कैद्याला दिली होती, पण राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी परत घेतली. मग कैद्याला ती मिळाल्याची पोच? त्याच्या सहीचा कागद? तो काही निघाला नाही.

सही नसलेला एक कागद, एवढीच ही गोष्ट. कार्यालयांत अशा सह्या रोज राहून जातात. पण १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर, देसाई आणि चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठानं त्या रिकाम्या जागेतून देशभरच्या कैद्यांसाठी नियम घडवला. निकालाची नक्कल कैद्याला तात्काळ आणि फुकट द्यायची. तुरुंगानं ती त्याच्या हाती देऊन लेखी पोच घ्यायची. त्याला अपील करता यावं म्हणून लागेल ती सोय करायची. वकील करण्याची ऐपत नसेल, तर न्यायालयानं त्याला सक्षम वकील नेमून द्यायचा आणि फी सरकारनं भरायची. हे सगळं त्यांनी संविधानाच्या २१व्या कलमातून, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातून काढलं. त्याला हात दिला मोफत कायदेशीर मदतीच्या ३९-क कलमानं, जे दोनच वर्षांपूर्वीच्या, १९७६च्या घटनादुरुस्तीनं संविधानात आलं होतं.

होसकोट मात्र हरले. त्यांच्या याचिकेत दम नाही म्हणून ती फेटाळली गेली. ज्या माणसाला स्वतःला काही मिळालं नाही, त्याच्या नावानं ओळखला जाणारा निकाल पुढच्या हजारोंसाठी कवाड उघडून गेला. मला या निकालातला एक शब्द फार मोलाचा वाटतो: सक्षम. नुसता वकील द्या म्हणून भागत नाही. ज्याला काम येतं, जो काम करतो, असा वकील द्या. इथून एक अवघड प्रश्न उगवतो. वकील मिळाला, पण त्यानं कामच केलं नाही, तर?

हा प्रश्न किती खोल आहे हे कळायचं, तर अपील म्हणजे काय ते नीट बघावं लागतं. अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालवणं, असा गावोगावी समज आहे. तसं नसतं. वरच्या कोर्टात सहसा साक्षीदार येत नाहीत. मुद्देमालाची पेटी उघडली जात नाही. तिथे पोचतात ते फक्त कागद: आरोपपत्र, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, उलटतपासणीतली प्रश्नोत्तरं, निकाल. खालच्या कोर्टात जे बोललं गेलं ते सगळं वर जातं. बोलायचं राहिलं ते बहुधा तिथेच राहतं.

उलटतपासणीचंच बघा. साक्षीदार सांगतो, “मी अंधारात आरोपीला ओळखलं.” चांगला वकील विचारतो: दिवा होता का? किती अंतर होतं? आधी ओळख होती का? पहिल्या जबाबात हे नाव होतं का? हे प्रश्न विचारले गेले नाहीत, तर साक्षीदाराचं ते वाक्य कागदावर तसंच ठाम उभं राहतं. पाच-सात वर्षांनी मुंबईतला न्यायाधीश ते वाचतो तेव्हा आव्हान न दिलेली साक्ष म्हणून तिचं वजन वाढलेलं असतं. वकिलाचं एका दुपारचं मौन असं वर्षानुवर्षं टिकतं.

अपिलातला वकील त्या कागदांतच शोध घेत असतो. चौथ्या साक्षीदाराचा जबाब नवव्याशी जुळतो का, पंचनाम्याची वेळ आणि अटकेची वेळ यांचा मेळ बसतो का, आरोपीला त्याच्याविरुद्धचा पुरावा सांगून त्याचं म्हणणं विचारलं गेलं का. हजार पानांत एखादी ओळ सापडते आणि सगळा निकाल हलतो. ती ओळ शोधायला कुणी बसलंच नाही, तर ती पानं मुकीच राहतात.

वरच्या कोर्टाला कायद्यानं अधिकारही मोठे दिलेत. ते शिक्षेला स्थगिती देऊन जामिनावर सोडू शकतं, निर्दोष ठरवू शकतं, गरज पडली तर जादा पुरावा घेऊ शकतं आणि अगदी फेरखटल्याचाही आदेश देऊ शकतं. वकील आला नाही म्हणून गैरहजेरीच्या कारणावर फौजदारी अपील निकाली काढता येत नाही, कागद वाचून गुणवत्तेवरच निर्णय द्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली बनी सिंग खटल्यात सांगितलं. वकिलाच्या चुकीनं माणूस पुरता बुडू नये म्हणून घातलेली ही एक पायरी.

अमेरिकेत याच प्रश्नाला स्वतंत्र नाव आहे, स्वतंत्र कसोटी आहे. फ्लोरिडाच्या तुरुंगातल्या क्लॅरेन्स गिडियन नावाच्या कैद्यानं पेन्सिलीनं लिहिलेल्या अर्जावरून १९६३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला राज्यानं वकील दिलाच पाहिजे. १९८४च्या स्ट्रिकलंड खटल्यानं पुढची कसोटी घातली. ती दुहेरी आहे. वकिलाचं काम जाणत्या वकिलाच्या किमान पातळीखाली गेलं होतं का? आणि ते तसं गेलं नसतं, तर निकाल वेगळा लागण्याची खरीखुरी शक्यता होती का? दोन्हीला होकार मिळाला तरच दोषसिद्धी रद्द होते. मग १९८५ साली केंटकी राज्यातल्या एका माणसाचं प्रकरण आलं. त्याच्या वकिलानं अपील वेळेत दाखल केलं, पण त्यासोबत लागणारा एक कागद जोडला नाही आणि तेवढ्यावरून अपील फेटाळलं गेलं. न्यायालय म्हणालं, पहिल्या अपिलाचा हक्क दिलात, तर त्यात निभावून नेणाऱ्या वकिलाचा हक्कही आलाच. येरवड्यातली सही आणि केंटकीतला तो कागद यांच्यात समुद्र आहेत, तरी दोन्हीकडे गोष्ट एकच.

आपल्याकडे अशी एका नावाची, एका निकालाची कसोटी नाही. आपल्याकडे हे तत्त्व अनेक निकालांतून थेंब थेंब साठत गेलं. १९८६ साली सुक दास खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की गरीब आरोपीनं वकील मागितला नाही म्हणून तो द्यायचा नाही, असं चालणार नाही. वकिलाविना चाललेला असा खटला टिकत नाही. २९ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईवरच्या हल्ल्यातल्या अजमल कसाबची फाशी कायम करतानाही न्यायालयानं हे तत्त्व सोडलं नाही. आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, असं तिथे लिहिलं गेलं. खटल्याच्या वेळी वकील दिला नसेल तर खटलाच दूषित होतो. आधीच्या टप्प्यावर दिला नसेल, तर त्यामुळे आरोपीचं खरोखर नुकसान झालं का हे बघायचं, असा फरकही तिथेच आला. ज्याच्याबद्दल साऱ्या देशात संताप होता, त्याच्याच खटल्यात पुढच्या प्रत्येक निरपराध माणसाचं रक्षण करणारी ओळ लिहिली गेली, हे मला कायद्याचं मोठेपण वाटतं.

डिसेंबर २०१९ मध्ये मध्य प्रदेशातल्या खांडव्याच्या एका फाशीच्या प्रकरणानं आणखी स्पष्टता आणली. तिथे आरोपीला वकील नेमला गेला तो आरोप ठेवले त्याच दिवशी, आणि त्यानंतर तेरा दिवसांत खटला संपला. सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धी रद्द केली आणि नियम घालून दिले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात नेमलेल्या न्यायमित्राला, म्हणजे आरोपीसाठी कोर्टानं दिलेल्या वकिलाला, किमान दहा वर्षांचा वकिलीचा अनुभव हवा. तयारीला साधारणपणे किमान सात दिवस द्यावेत. त्याला आरोपीला भेटून बोलता आलं पाहिजे. पुढे फेरखटल्यांच्या फेऱ्यांनंतर मार्च २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. तेरा दिवसांत झालेला न्याय तपासायला अकरा वर्षं लागली.

आता पुण्याकडे येऊ. १९९४च्या ऑगस्टमध्ये पौड रस्त्यावरच्या एका घरात सात जणांची हत्या झाली. त्यांत स्त्रिया होत्या, मुलं होती. त्या कुटुंबाचं दुःख कोणत्याही निकालानं भरून येणारं नाही, आणि पुढची गोष्ट वाचताना ते विसरूही नये. या खटल्यात राजस्थानातून आलेल्या एका आरोपीला पुण्याच्या सत्र न्यायालयानं १९९८ साली फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं ती कायम केली, सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही. तिन्ही न्यायालयांत एक मुद्दा उपस्थितच झाला नाही: गुन्ह्याच्या वेळी आरोपी अल्पवयीन होता का?

त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. त्या हिशेबानं तो तेव्हा साडेबारा वर्षांचा होता. खटल्याच्या कागदांत त्याचं नाव वेगळ्या रूपात लागलं होतं, आणि शाळेच्या रजिस्टरातलं पोर आणि फाशीच्या कोठडीतला कैदी यांची गाठ कुणी घातली नव्हती. बालन्याय कायद्याची एक तरतूद अशी, की आपण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होतो हा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी शेवटच्या निकालानंतरही, करता येतो. त्या तरतुदीला धरून अर्ज झाला. सर्वोच्च न्यायालयानं चौकशी पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे सोपवली. त्यांनी शाळेचं रजिस्टर खरं मानलं, आणि २७ मार्च २०२३ रोजी त्याच्या सुटकेचा आदेश झाला. त्या वयाच्या मुलाला कायद्यानं जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं. तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता. एका शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ. ती तिथे सारा काळ होती. तिच्याकडे बोट दाखवणारं कुणी नव्हतं, एवढंच.

दुसरं प्रकरण नाशिकचं. ५ जून २००३च्या रात्री नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा, अत्याचार आणि खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००६ साली फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे त्याच न्यायालयानं २०१८ मध्ये आपलाच निकाल मागे घेतला, अपिलं पुन्हा ऐकली, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष ठरवलं. का? वाचलेल्या प्रमुख साक्षीदार स्त्रीनं घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि तो जबाब फिर्यादी पक्षानं पुढे आणला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला. सोळा वर्षं गेली होती. आणि ज्यांच्यावर खरा घाला पडला, त्या कुटुंबालाही खरे गुन्हेगार मिळाले नाहीत. चुकीच्या माणसाला झालेली शिक्षा पीडितालाही न्याय देत नाही.

यातून एक गोष्ट मनावर ठसते. कायदा आपली चूक दुरुस्त करू शकतो, अगदी सर्वांत वरच्या पायरीवरची चूकसुद्धा. पण त्यासाठी कुणीतरी तो कागद शोधावा लागतो आणि न्यायाधीशांपुढे ठेवावा लागतो. कोर्टात आरोपीचा आवाज उसना असतो. वकिलाच्या तोंडून तो बोलतो. तो उसना आवाज खरोखर बोलेल, याची जबाबदारी न्यायव्यवस्थेनं स्वतःवर घेतली, हे मला गेल्या शंभर वर्षांतलं एक मोठं आश्चर्य वाटतं.

याला मर्यादा आहे, आणि ती रास्त आहे. “माझा आधीचा वकील बरोबर नव्हता” एवढ्यावर साक्षीदारांना पुन्हा पिंजऱ्यात बोलावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली दिल्लीच्या एका खटल्यात बजावलं. नाहीतर प्रत्येक हरलेला पक्षकार वकील बदलेल आणि पीडितेला तीच यातना पुन्हा सांगावी लागेल. म्हणून तक्रार नेमकी हवी. काय राहिलं? ते कोणत्या पानावर दिसतं? आणि ते राहिलं नसतं, तर निकाल कसा बदलला असता?

याची उत्तरं कागदांतच असतात. कोर्टाचा रोजनामा काढा. कोणत्या तारखेला वकील गैरहजर होता, कोणत्या साक्षीदाराची उलटतपासणी झालीच नाही, वकीलपत्र कधी दाखल झालं, हे तिथे तारीखवार दिसतं. त्या दिवशी कारकुनानं सवयीनं लिहिलेली ओळ दहा वर्षांनी साक्षीदार बनते. वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण ती वाट वेगळी. तिथे वकिलाला शिक्षा होऊ शकते, निकाल बदलत नाही. निकाल बदलायचा तर अपिलातच मुद्दा मांडावा लागतो.

निरगुडसरच्या एखाद्या घरात अशी वेळ आली, तर काय करायचं? पहिल्यांदा निकालाची नक्कल हातात घ्यायची. शिक्षा झालेल्याला ती फुकट मिळते. घोडेगावच्या निकालावर सत्र न्यायालयात जायला तीस दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर मुंबई उच्च न्यायालयात जायला साठ दिवस. फाशीच्या शिक्षेत मात्र तीसच. मुदत उलटली तरी उशिराचं खरं कारण सांगून माफी मागता येते, आणि नक्कल न मिळणं हे कारण होऊ शकतं. माणूस तुरुंगात असेल, तर तो अपिलाचा अर्ज तुरुंग अधीक्षकांच्या हाती देऊ शकतो, त्यांनी तो कोर्टाकडे पाठवायचा असतो. वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती आहे, पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, मुंबईत उच्च न्यायालयाची समिती आहे. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी वाट सांगितली जाते. कोठडीतल्या माणसाला, बाईमाणसाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, म्हणजे आपल्या पश्चिम भागातल्या महादेव कोळी बांधवांनाही, ही मदत उत्पन्न न विचारता मिळते. नेमून दिलेला वकील भेटत नाही, तारखेला येत नाही, असं झालं तर त्याच समितीकडे लेखी अर्ज देऊन दुसरा वकील मागता येतो. त्या अर्जाचीही पोच घ्यायची.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण काही जण ती पायरी स्वतः चढत नाहीत, त्यांना बेड्या घालून चढवलं जातं. त्यांच्यासाठी शहाणपण एकच: आपला कागद आपल्याजवळ असावा.

पुढे कधी निरगुडसरहून तारखेला निघालेल्या माणसाच्या शेजारी एसटीत बसलात, तर त्याच्या मांडीवरची प्लॅस्टिकची पिशवी बघा. तिच्यात घडी घातलेले कागद असतात, कोपरे मळलेले, वर एखादा शिक्का. तो त्या पिशवीला पूर्ण प्रवासभर हातातून सोडत नाही. होसकोटांच्या हाती तो कागद राहिला नव्हता, म्हणून आज याच्या हातात तो आहे.